तुझ्या हाताची पकड

प्रिय वसराम,

तू वर वॉर्डात, मी खाली बाकावर, अन् मधे हे पत्र. येडा झाला का प्रेमदास, म्हणशील. चार वेळा जिना चढलो अन् चारही वेळा दारातून माघारी फिरलो. एका जागी बूडच टेकत न्हाई माझं. काल तांड्यावर तुझ्या बैलांना दोनदा पाणी दाखवलं, तिसऱ्यांदा बादली नेली तर त्यांनी तोंडच फिरवलं.

डोळ्यापुढून ती दुपार हटत न्हाई. गोरेगावचा बाजार करून निघालो, फटफटी मी चालवून राहिलो होतो, रानातला रोही, नीलगाय, आडवा आला अन् आपण दोघंही आपटलो. तुझी मांडी मोडली, रक्ताची धार लागली. जमलेले सगळे त्या मांडीलाच भिडले. मी तुला काखेत धरून बसतं केलं अन् पाणी पाजलं. आपल्यात पडलेल्याला पाणी पाजल्याबिगर कोण हलवतं? मग वाटेवरच्या एका जीपच्या मधल्या सीटवर दोघांत बसवून हिंगोलीच्या दवाखान्यात आणलं. तुला बसलेला पाहून तिथल्या करुणा सिस्टर केवढ्यानं ओरडल्या! आधी मान धरली, कडक पट्टा लावला, चौघांनी मिळून सपाट उचललं. श्वास बघितला, रक्त थांबवलं, पण तोवर एका नर्सनं तुझं डोकं दोन्ही हातांत धरूनच ठेवलं होतं. मग तसंच इकडं नांदेडला.

तांड्यावर म्हणतात, प्रेमदासनं मैतर वाचवला. तुझ्या आईनं, नीलाबाईनं, माझी दृष्ट काढली. मेल्याहून मेल्यासारखं झालं रे.

संगिता वहिनी म्हणतात, रक्तदाब आता सावरला, मानेच्या ऑपरेशनचं डॉक्टर आज ठरवणार. परवा डॉक्टरांनी मला विचारलं होतं, पडल्यावर याचे हात हलत होते का? त्यावरच पुढचं ठरतं म्हणाले. मी म्हणालो, न्हाई, तेव्हापासूनच लुळे. खोटं बोललो, वसराम. पडल्या पडल्या तू माझी कॉलर अशी गच्च धरलीस की वरचं बटण तुटलं. मी तुला बसवलं अन् तुझी मूठ सुटली. माझ्यामुळं झालं म्हणतील, म्हणून भ्यालो. हा कागद वहिनीकडं देऊन राहिलो. आधी डॉक्टरला वाचून दाखवा, मग तुला, असं सांगतो. तू बोलव नाहीतर शिव्या दे, मी इथून हलत न्हाई.

तुझाच, बिनबटणाच्या सदऱ्यातला,
प्रेमदास