सहावा ठोका

प्रिय तेगार,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसलो आहे. माझं अक्षर तुला ठाऊक आहे. सहावीनंतर या हातात पेनापेक्षा फावडंच जास्त राहिलं, तेव्हा लागणार नाही तिथे अंदाजाने वाच. तुझ्या मामाचा बालिकपापानचा पत्ता आईने लिहून दिला आणि वर म्हणाली, "पार्सलात भात घालताय तो घाला, पण त्याच्याबरोबर चार शब्द गेले नाहीत तर पोरगं तो कोंबड्यांना टाकेल." भाताचं पुढे सांगतो. तू घरातून गेलास त्याला आज एकोणीस दिवस झाले. तुझे बूट स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्याशेजारी, तू ठेवलेस तिथेच आहेत. आता पुन्हा ते घालणार नाही, मामाच्या लाकडाच्या वखारीतच राहणार, असं तू आईला सांगितलंस म्हणे. ती त्या बुटांना हात लावत नाही आणि मलाही लावू देत नाही. केर काढताना त्यांच्या भोवतीने झाडू फिरवते.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहितो. मिठागरात पाणी घेतलं. पाऊस वेळेवर गेला, त्यामुळे पहिल्या दोन वाफ्यांत पापुद्रा धरू लागलाय. मी पहाटे जातो, ऊन चढलं की परत येतो. खरं सांगायचं तर मला काहीच वाटत नाही. वाईट वाटतंय असंही नाही. परवा तुझी आई आमटीत मीठ घालायला विसरली आणि मी वाटीभर पिऊन उठलो. ती माझ्याकडे बघतच राहिली. तीस वर्षं मीठ पिकवणाऱ्या माणसाला मीठ नाही हे कळू नये, म्हणजे बघ.

गेल्या रविवारच्या आधीच्या रविवारी आपला मोसमाखेरचा जेवणाचा कार्यक्रम झाला. होणार की नाही यावरून आधी दोन दिवस जार्वोच्या चहाच्या टपरीवर नुसता कल्ला. शेवटचा सामना बरोबरीत सुटला, आपला बगळे संघ खालच्या गटात घसरला, आता कसला सोहळा, असं अर्ध्या लोकांचं म्हणणं. पण शिंपले तर आधीच पडून गेलेले. तुला माहीत आहे, शेवटच्या सामन्याच्या दहा दिवस आधीच कुरकुरीत पापडांचे ते काच लावलेले डबे टपरीसमोरच्या बाकावर मांडतात, प्रत्येकावर एका खेळाडूचा फोटो, आणि ज्याला जो आवडला त्याच्या डब्यात त्याने एक शिंपला टाकायचा. तुझ्या डब्याची काच वरपर्यंत भरली होती. दुसरा गोलकीपरचा, तो निम्माही नव्हता. तू ती पेनल्टी खांबावर मारल्यावर काही जणांना वाटलं की तुझा डबा ओतून टाकावा आणि भाताच्या मुदीचा शेंडा घ्यायचा मान गोलकीपरला द्यावा. एक जण म्हणाला, "त्यापेक्षा खांबालाच द्या की, यंदा त्याच्याइतकं जागेवर उभं कोण राहिलं?" लोक हसले. मीही हसलो असेन, आठवत नाही. तेव्हा मासळीवाली रुक्मी पाटी खाली ठेवून उठली आणि म्हणाली, "आणि मोसमातले ते चौदा गोल काय तुझ्या सासऱ्याने मारले होते का रे?" सार्जू आजोबांनी मग विषयच संपवला. ते म्हणाले, "मोजून झालंय. आता काय पाटीतल्या बांगड्यांना मत विचारायचं?" त्यांचं वय ब्याऐंशी, पहिल्या सामन्यापासून मैदानाच्या पायरीवर बसलेला माणूस, त्यांच्यापुढे कोण बोलणार.

म्हणून कार्यक्रम झाला. बायकांनी पहाटेपासून खपून हळद आणि नारळाच्या दुधातला भात केला आणि तुम्पेंग उभारला, कमरेएवढी टोकदार मूद, भोवती तळलेली कोंबडी, अंडी, सोयाबीनचं तेंपे, सुकट, सगळं. तुझी आईही गेली होती. भात तिनेच परतला. संघातली बाकीची पोरं आली, मान खाली घालून बसली. लोकांनी प्रत्येकाचं गाणं म्हटलं. आता हे तुला चमत्कारिक वाटेल, पण लोक मनापासून गात होते. बचावातल्या त्या उंच पोराला उचलून नाचवलं. गोलकीपरच्या आईला पुढे बसवलं. खालच्या गटात गेलो म्हणून आपली माणसं परकी थोडीच होतात, असं जार्वो म्हणाला. मी ढोल वाजवत होतो. हात आपले आपण चालले होते. दुसऱ्याची म्हैस दुसऱ्याच्याच शेतात चारतोय, आपलं त्यात काहीच नाही, असं वाटत होतं.

मग सार्जू आजोबांनी तुझं नाव पुकारलं. मुदीचा शेंडा कापायची सुरी त्यांच्या हातात होती. कुणी उठलं नाही, कारण उठणारा बालिकपापानला फळ्या रचत होता. मग म्हातारा म्हणाला, "बाप आहे ना हजर? ये पाक कार्सिदी, पोराच्या वतीने घे." मी पुढे गेलो. केळीच्या पानावर त्यांनी शेंडा ठेवला. भात गरम होता हे वाफेवरून दिसलं, हाताला काही कळलं नाही. जार्वोने पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "पाक, मनाला लावून घेऊ नका. घामाच्या हातातून ढोलाचं टिपरू कुणाचंही निसटतं." चारशे माणसांनी माना डोलावल्या. माझं सांत्वन करत होती ती. मीही मान डोलावली. त्याच माणसांतला कुणीतरी मागे पुटपुटत होता की टिपरू निसटलं तर निसटलं, पाय तर तुझाच होता ना. तेही मी ऐकलं आणि पान घेऊन जागेवर येऊन बसलो.

आता तो शेंडा खायचा कुणी? ज्याच्या नावाचा त्यानेच खायचा आणि तोवर मोसम संपला म्हणायचं नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. आजवर कुणी गैरहजर राहिलंच नव्हतं, त्यामुळे पुढचा नियम कुणालाच माहीत नाही. जार्वो म्हणाला बर्फात ठेवू. किती दिवस ठेवणार? मी तो घरी आणला, दोन पाण्यांत धुतला, मोकळा केला आणि सुपात पसरून मिठागराच्या बांधावर वाळत टाकला. नारळाच्या दुधाचा भात टिकत नाही, खवट होतो, म्हणून तुझी आई ओरडत होती. पण वाळवणं हे एक काम मला येतं. चार दिवस उन्हाबरोबर सूप फिरवत बसलो. बगळे येत होते, हाकलत होतो. आता दाणा कडकडीत झालाय, रंग तसाच पिवळा आहे.

त्या बांधावर बसल्या बसल्या बरंच आठवलं. तू सात-आठ वर्षांचा असशील. मिठाच्या कोठारासमोरच्या अंगणात मी बादली पालथी घालून वाजवायचो आणि तू चेंडू ठेवून मागे जायचास. पाच ठोके, पाच पावलं, सहाव्या ठोक्याला पाय. चुकलास की मी म्हणायचो, "घाई नको, ठोका तुला सोडून कुठे जात नाही." तू तसाच शिकलास आणि आजतागायत तसाच मारतोस. घरच्या मैदानावर आपल्याला पेनल्टी मिळाली की अख्खी पूर्वेकडची बाजू गप्प होते आणि फक्त माझा ढोल वाजतो, तो त्या अंगणामुळे. तू अकरा वर्षांचा झालास आणि क्लबच्या पोरांत खेळायला लागलास. त्यानंतर मी तुला चेंडू मारताना पाहिलेलं नाही. एकदाही नाही.

हे कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. पण ढोलाच्या मचाणावर उभं राहणाऱ्याचं तोंड लोकांकडे आणि पाठ मैदानाकडे. माझ्या आधी ढोल वाजवणाऱ्याने टिपरं हातात देताना एकच गोष्ट सांगितली होती, की वळायचं नाही. वाजवणारा वळला की ठोका जातो, ठोका गेला की चार हजार माणसं जातात. बावीस वर्षं मी वळलो नाही. आई फोनवर तुझे गोल बघते, मी तेही बघत नाही, उगाच डोळ्याला चटक लागायची. मी तुझा खेळ लोकांच्या तोंडांवर पाहिला. तू डावीकडून चेंडू घेऊन निघालास की रुक्मी डोक्यावरच्या ओढणीचं टोक चावायला घेते. एकाला चकवलंस की सार्जू आजोबा काठी उचलतात, दुसऱ्याला चकवलंस की उभे राहतात. तुझे चौदाच्या चौदा गोल मला पाठ आहेत, पण ते सगळे रुक्मीच्या तोंडावरचे. यंदा पहिल्यांदाच मी माझा शिंपला तुझ्या डब्यात टाकला. इतकी वर्षं लोक काय म्हणतील म्हणून गोलकीपरच्या डब्यात टाकायचो. टाकला आणि घरी येऊन आईलाही सांगितलं नाही.

त्या दिवशी सामना संपल्यावर तू घरी आलास, पाय धुतलेस, आणि मला एकच विचारलंस, "पाक, ढोल का थांबला?" रागाने नाही विचारलंस. मी म्हणालो, "टिपरू निसटलं." तू "बरं" म्हणालास. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट स्वयंपाकघरात होते आणि तू बंदरावर गेला होतास. तू काय समजलास ते तुझ्या मामाकडून आईला कळलं आणि आईकडून मला. तुला वाटलं, बापाचा विश्वास उडाला. इतका, की ऐन वेळी त्याचा हात उठेना.

तर ऐक. टिपरू निसटलं नव्हतं. तिसरा ठोका दिला तेव्हा मी समोर रुक्मीकडे बघत होतो. तिने ओढणी तोंडातून काढली होती आणि ती रडत होती, पण हसत होती. असं तोंड मी बावीस वर्षांत कुणाचं पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्या पोराकडे बघून झालं होतं, आणि मीच तेवढा बघत नव्हतो. मी वळलो. दुसरं काही कारण नाही. तुला बघायला वळलो. ठोका गेला. तू मान वर केलीस आणि आपली नजरानजर झाली. मग ठोक्याविना तू दोन पावलं टाकलीस. अकरा वर्षांनी मी तुझी दोन पावलं पाहिली आणि तीच चुकली, माझ्यामुळे. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, सगळ्यांची सांत्वनं घेत फिरलो, तुलाही खोटं सांगितलं. लाज वाटली म्हणून. आज सकाळी टिपरं जार्वोला देऊन आलो. येत्या रविवारी टपरीवर सगळ्यांना हेच सांगणार आहे, पण आधी तुला. पुढच्या मोसमात मी रुक्मीच्या शेजारी पायरीवर बसणार, तोंड मैदानाकडे करून. तू आलास तर तुला बघेन. नाही आलास तर दुसरी पोरं खेळतीलच, त्यांना बघेन. पण माझा हात उठला नाही, असं मनात ठेवून फळ्या रचू नकोस. पिशवीतला भात तुझा आहे. दोन तास भिजव, मग वाफेवर ठेव, आणि मीठ घालण्याआधी चाखून बघ. वाळवताना मी घातलं होतं की नाही, मला आठवत नाही.

तुझा बाप,
पाक