तांदळाच्या पाकिटावरचा चेहरा

आये,

गेल्या पावसाळ्यात मी एका परक्या माणसासमोर बसून त्याला तुझा चेहरा कसा होता ते सांगायचा प्रयत्न केला, आणि मला तो सांगता आला नाही. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगायचं ते कळत नाही. तू ऐकून म्हणाली असतीस, "दुसरी कामं नाय काय गो तुला?" कामं आहेत, भरपूर आहेत, आणि कामातूनच हे सगळं सुरू झालं.

तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते. पुढे माझं काय झालं हे तुला ठाऊक असायचं कारण नाही, म्हणून आधी ते सांगते. मुंबईत एका जाहिरातीच्या ऑफिसात काही वर्षं काढली. लग्न होऊन खर्डीजवळच्या गावात आले, आणि गोठ्याला लागून एक खोली होती तिथे दोन टेबलं टाकून स्वतःचा धंदा सुरू केला. ब्रँडिंग म्हणतात त्याला. लोक चांगल्या वस्तू बनवतात, पण त्यांना नाव काय द्यावं, पाकीट कसं असावं, विकायला कुठे ठेवावं हे त्यांना सुचत नाही, ते मी सुचवते. माझ्या सासूबाई गावात सांगतात, "आमची सून कम्पुटरवर पिशव्या करते," आणि मी इतकी वर्षं ते वाक्य सुधारायच्या भानगडीत पडले नाही, कारण त्यात फारसं चुकीचं काही नाही. शहापूरचे मसालेवाले, मुरबाडचे पोहे गिरणीवाले, कसाऱ्याकडचे ढाबेवाले, अशी माझी गिऱ्हाइकं. काही मुंबईचीही आहेत. ती व्हिडिओवर बोलताना म्हणतात, जरा मागचं शेत दाखवा ना. मी लॅपटॉप खिडकीकडे वळवते. उन्हाळ्यात तिथे नुसती ढेकळं असतात, तरी त्यांना फार बरं वाटतं.

या सगळ्यांना पाकिटावर एकच चित्र हवं असतं. मिशीवाला शेतकरी, त्याच्या डोक्याला फेटा, मागे बैल आणि त्याच्याही मागे मावळणारा सूर्य. माझ्या दारावरून जाणारा शेतकरी जीन्स घालून मोटरसायकलवर खताची गोणी नेत असतो, पण त्याला कुणी पाकिटावर घेत नाही. फेटेवाल्याचा कंटाळा आला की आजी मागतात. चष्मा, अंबाडा आणि जात्यावर हात. मी वैतागून नियमच करून टाकला होता, माझ्या पाकिटांवर माणूस नको. कुणी फार हट्ट धरला तर मी सरळ सांगायचे की आत तांदूळ आहे, आजी नाही. हे बोलणं ऐकून लोकांना मी फार हुशार वाटते. खरं म्हणजे ते तुझं बोलणं आहे.

तुला आठवतं का, तू मुरबाडच्या एमआयडीसीत औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होतीस. दिवसभर उभं राहून बाटल्यांना लेबलं लावायचीस. संध्याकाळी तू उंबऱ्यात चपला काढलीस की मी तुझी बोटं हुंगायची, त्यांना डिंकाचा वास यायचा. वाकडी छापलेली, रंग फुटलेली लेबलं सुपरवायझरला विचारून तू माझ्यासाठी आणायचीस, पदराच्या गाठीत बांधून. मागची बाजू कोरी असायची, त्यावर मी चित्रं काढायची. दुसऱ्या मुलींना वह्या मिळायच्या आणि मला लेबलं मिळायची, याची मला तेव्हा लाज नव्हती, उलट मिजासच होती. एका दिवशी मी ती लेबलं घरातल्या बाटल्यांनाच लावत सुटले. तू चुलीपाशी तांदळाची भाकरी थापते आहेस. मी रॉकेलच्या बाटलीला खोकल्याच्या औषधाचं लेबल अगदी सरळ, तुझ्यासारखं अंगठ्याने दाबून लावते आणि तुला दाखवायला आणते. तुझा पिठाचा हात तसाच माझ्या गालावर येतो. "आत रॉकेल नि वर औषध? रातीचं कोनी पिलं मंजे?" मग तू ते लेबल नखाने खरवडत बसलीस आणि तव्यावरची भाकरी करपली. तेवढं एकदाच तू मला मारलंस. नंतर माझ्या गालावरचं पीठ पुसताना तूच रडवेली झाली होतीस.

आता कामाचं सांगते. तानशाकडच्या एका गावातला बायकांचा बचत गट माझ्याकडे आला. हातसडीचा तांदूळ, दाणा जरा लालसर, शिजताना घरभर वास सुटतो असा. त्यांना दिवाळीच्या प्रदर्शनासाठी पाकीट हवं होतं. त्यांनी शेतकरीही मागितला नाही आणि आजीही मागितली नाही. त्या नुसत्या म्हणाल्या, तुमाला बरं वाटंल तसं करा. आणि मी, नियमवाली, पटकन बोलून गेले की यावर एका आईचा चेहरा टाकू, हसरा. माझ्या तोंडून ते कसं निघालं याचा मी नंतर विचार केला. तांदळाचा वास नाकात होता, समोर तुझ्या वयाच्या बायका डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या, आणि मला तुला बघायचं होतं. पाकीट हे निमित्त. आये, तुझी आठवण मला रोज येते असं नाही, पण येते तेव्हा हातातलं काम खाली ठेवावं लागतं.

तुझा धड फोटो एकही नाही. लग्नातला एक आहे, त्यात तुझी मान इतकी खाली की नुसत्या मुंडावळ्या दिसतात. भिंतीवरचा आहे त्याची तर कथाच आहे. तू गेल्यावर बाबा तुझं मतदार कार्ड घेऊन फोटोवाल्याकडे गेले. त्याने त्यातलं तुझं पुसट डोकं घेतलं, रंगवून गुळगुळीत केलं आणि जांभळ्या पैठणीतल्या कुणा बाईच्या अंगावर बसवलं, आणि गालावरचा तीळ डाग समजून पुसून टाकला. कार्ड त्याच्याकडेच हरवलं. तुझ्याकडे पैठणी कधी नव्हती. त्या फोटोला मी आजवर हार घातला, पण त्याच्याशी बोलले कधी नाही. आता चित्र काढायचं ठरल्यावर मला वाटलं, फोटो नसला म्हणून काय झालं, मला सगळं आठवतंय.

माझ्याकडे एक चित्रकार येतो, कल्याणचा, हाताचा फार चांगला. तो समोरच्या टेबलावर बसला आणि विचारायला लागला. नाक कसं? मी म्हटलं, साधं. डोळे? मी म्हटलं, भाकरी थापताना मान न वळवता बघायची ती. तो म्हणाला, "मॅडम, ते चित्रात कसं आणू?" तीळ कुठल्या गालावर, यावर मी अडले. डाव्या म्हटलं, मग उजव्या म्हटलं, मग बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, "तीळ व्हता का?" मला त्यांचा राग आला, आणि फोन ठेवल्यावर स्वतःचा आला. तुझा आवाज मला आठवतो, पाठ आठवते, विहिरीवरून येताना हंड्याखालची वाकलेली मान आठवते, टाचेच्या भेगा आठवतात. चेहऱ्याशी आलं की मधलं काहीतरी पुसट होतं. हसू तर अजिबातच जमेना. त्या बिचाऱ्याने किती हसू काढून दाखवली. एकात तू टूथपेस्टच्या जाहिरातीतली बाई होतीस, एकात शाळेतली बाई, एकात कुठलीशी देवी. मी प्रत्येक वेळी म्हणायचे, असं नाही. मग कसं, ते मला सांगता यायचं नाही.

गटाच्या अध्यक्षीणबाई फोन करकरून दमल्या. शेवटी एकदा एसटीने आल्या, माझ्यासमोर बसल्या, सगळी चित्रं पाहिली आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "म्याडम, आमाला कोनाची पन आय चालंल. दिवाळीच्या आदी पिशवी हातात पायजे." त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांचा तांदूळ घरात पडून होता आणि मी नाकाडोळ्यात अडकले होते. पण ते मला लागलं. चहा करायच्या निमित्ताने मी आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

त्यानंतर लगेचच एक चित्र आलं. डोळे ओळखीचे, कपाळ ओळखीचं, ओठ मिटून जरासं हसणं. मला वाटलं, सापडलीस. मी त्याचा कागदावर प्रिंट काढला आणि मुरबाडला मावशीकडे गेले. तुझी धाकटी बहीण आता पार वाकली आहे, पण नजर चांगली आहे. ती अंगणात वाल सोलत बसली होती. तिने हात लुगड्याला पुसले, कागद उन्हात धरला, लांब नेला, जवळ आणला. "ही कोन गो?" म्हणाली. मी म्हटलं, नीट बघ. तिने परत पाहिलं आणि हसली. "ही तर तूच हायस. आजून थोड्या वर्सांनी आशी दिसशील. बाय आशी नव्हती." तुला, थोरल्या बहिणीला, ती अजून बायच म्हणते.

मी तिथूनच चित्रकाराला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगत होतात तेव्हा मी तुमच्याकडेच बघत होतो ना." त्याचंही काही चुकलं नव्हतं. मी वालाच्या सालांशेजारी बसून राहिले. तू गेलीस त्या वयाच्या पुढे मी केव्हाच आले आहे. तुला शोधत फिरले आणि सापडले मीच, आणि मला मी नको होते गं.

मावशीला काय वाटलं कोण जाणे, तिने वालाची परात बाजूला सारली. म्हणाली, "तिचं हसू तुला कसं ठावं आसंल? तिचे दात जरा पुढं व्हते. लाज वाटायची तिला ल्हानपनापासून. हसू आलं का पयला पदर तोंडावर. तुज्या बापाला तरी कदी दिसलं का नाय, देव जाने." मी थक्क झाले. तो पदर मला चांगला आठवतो. मी समजत होते की तू धुरासाठी लावतेस, मोठ्यांसमोरची रीत म्हणून लावतेस. कंपनीतल्या गमती सांगताना, मला पाढे चुकल्यावर चिडवताना, तो पदर तिथे असायचा. इतकी वर्षं मी तुझ्यासोबत राहिले आणि तुझं हसू मी पाहिलेलंच नव्हतं. ते मला आठवणार कुठून?

"आशी," मावशी म्हणाली, आणि तिने स्वतःचा पदर दोन बोटांनी ओढून तोंडावर धरला. मला दाखवता दाखवता तिला खरंच हसू फुटलं. खांदे हलायला लागले. पदराच्या वर नुसते डोळे राहिले, बारीक झालेले, कडांना पाणी आलेले. आये, तू होतीस. मावशीचं म्हातारं तोंड पदराखाली गेलं होतं आणि वर तू होतीस, माझ्यापासून हातभर अंतरावर, वालाच्या परातीच्या पलीकडे. मग तिने पदर खाली घेतला आणि मावशी परत आली.

घरी येऊन मी ते चित्र पाकिटावरून काढून टाकलं. आत तू नसताना वर तुझं म्हणून माझं तोंड लावायचं, हे माझ्याच्याने होईना. पाकिटावर आता भाताची एक लोंबी आहे, तांदळाचं नाव आहे, खाली गावाचं नाव आहे. मला वाटलं होतं अध्यक्षीणबाई रागावतील. त्यांनी पाकीट उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं केलंत. न्हायतर आमच्यात भांडन लागलं आस्तं, ही कोनाची आय म्हनून." दिवाळीला तांदूळ चांगला खपला. चित्रकार आता दुसऱ्या कुणाच्या तरी लोणच्याच्या मागे आहे.

हे पत्र मावशीला वाचून दाखवण्यासारखं नाही, आणि तुझ्यापर्यंत पोचवायची माझ्याकडे सोय नाही, तेव्हा ते माझ्याच टेबलावर राहील. पण एक गोष्ट कुठेतरी बोलायला हवी. काम संपलं, पाकिटं दुकानात गेली, हे मी मावशीला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं ते चित्र अजून व्हायचंय. मी मुरबाडला कामाला गेले की वाट वाकडी करून तिच्याकडे जाते, वही पेन्सिल काढून समोर बसते, आणि काल परत तिला म्हणाले, मावशे, नीट दिसलं नाही गं, अजून एकदा दाखव.