भिंगरीतला बिघाड

३ फेब्रुवारी
आजपासून तपास सुरू. भिंगरी (वय साडेपाच, आमची एकुलती एक) बिघडली आहे, हे आता कबूल करायलाच हवं. गेल्या महिन्याभरात ती शेजारच्या मुलाला चावली, माझ्या मोज्यांत भात भरला आणि जमिनीवर आडवी पडून किंचाळली. सगळ्यात वाईट म्हणजे मी कामावरून आलो की दाराशी येत नाही. पूर्वी जिन्यात माझे बूट वाजले की धावत यायची. आता पलंगाखाली जाते. घरात दुसरं काहीही बदललेलं नाही. (दारातच तिला उचलून 'पहिला मजला, दुसरा मजला' करत डोक्यावर न्यायचा लिफ्टलिफ्टचा खेळ मी वायरमनच्या परीक्षेपर्यंत बंद केला आहे, पण तो काही खाण्याचा पदार्थ नव्हे.)
एका व्हिडिओत पांढरा कोट घातलेला माणूस सांगत होता की मुलांचं वागणं पोटातून येतं. कोटाला कडक इस्त्री होती. पटलं.

५ फेब्रुवारी
बिस्किटं बंद. पाकिटामागची अक्षरं मुंगीएवढी, म्हणून कामाच्या पिशवीतलं भिंग काढलं. रंगाचा नंबर, वासाचा नंबर, फुगवायच्या पावडरीचा नंबर. आमच्या लिफ्टच्या पॅनलवरसुद्धा इतके नंबर नसतात.
ही म्हणाली, अहो, तुम्ही लहानपणी काय खाऊन वाढलात? मी म्हणालो, हीच बिस्किटं, म्हणून तर शाळा अर्धवट राहिली. म्हणाली, हो का, मग त्या कंपनीवर खटला भरा. एवढं बोलून ती आत गेली. म्हणजे मुद्दा उरला नव्हता.

९ फेब्रुवारी
उस्तादांना सांगितलं. (माझे वरिष्ठ. लिफ्टदुरुस्तीत केस पांढरे झाले, बोटं काळी झाली.) पाना फिरवता फिरवता म्हणाले, पहिल्या दिवशी तुला काय शिकवलं होतं? लिफ्ट अडकली की आधी दार बघायचं. बहुतेक बिघाड दारात असतात आणि तू मेल्या थेट मोटार खोलायला बसतोस! मी नम्रपणे म्हणालो, उस्ताद, मुलीला दार नसतं. म्हणाले, तुझ्या डोक्यालाही नाही.
वयस्कर माणूस आहे, सोडून दिलं. त्यांचा दुसरा नियम मात्र वापरणार. एका वेळी एकच वायर काढायची, म्हणजे दोष सापडतो.

१० फेब्रुवारी
दूध, केळी, साखर, जॅम आणि केचप एकदम बंद. एकेक काढत बसलो तर परीक्षा उजाडेल.

११ फेब्रुवारी
भिंगरी मला चावली. अंगातली घाण बाहेर पडताना असं होतंच. शुभलक्षण.

१५ फेब्रुवारी
मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी वजन केलं, घसा पाहिला आणि म्हणाल्या, मुलगी ठणठणीत आहे, घरात जे शिजतं ते खाऊ द्या, दूध-केळी उगाच बंद करू नका. मी व्हिडिओतल्या माणसाचं म्हणणं ऐकवलं. त्यांनी विचारलं, तुमची झोप नीट होते का? विषय बदलायची ही पद्धत मला ठाऊक आहे. कोटही घातला नव्हता.

१९ फेब्रुवारी
शाळेतल्या बाईंना भेटलो. म्हणाल्या, वर्गात तर अगदी गुणी पोर आहे, डबा पुसून खाते, दुसऱ्यांच्या बुटांचे बंद बांधून देते. म्हणजे बिघाड फक्त घरी होतो. त्यातही संध्याकाळी. त्यातही मी आल्यावर. धागा हाती लागला आहे. संध्याकाळी आमच्या नळाला वेगळ्या टाकीचं पाणी येतं.

२० फेब्रुवारी
पाणी उकळून, गाळून, पुन्हा उकळून. फरक नाही. ही म्हणाली, आता हवा पण उकळा.

२३ फेब्रुवारी
फक्त काढून भागणार नाही, भरायलाही हवं. कोटवाल्याने ओमेगा आणि झिंक सांगितलं आहे. सकाळी पालकाचा कच्चा रस आणि संध्याकाळी ओमेगाची कॅप्सूल. बारीक, सोनेरी, आरपार दिसणारी. औषधवाला म्हणाला, डॉक्टरांनी लिहून दिलंय का? मी म्हणालो, अभ्यास माझा आहे. तो म्हणाला, मग पिशवी आणलीत का?

२४ फेब्रुवारी
रस भिंतीवर. रंग जाईल असं वाटत नाही. कॅप्सूल मात्र शहाण्यासारखी घेतली. हिने सुचवलं की परीक्षेचं पुस्तक उघडा, महिना उरला नाही. उघडलं. त्यात झिंकवर काहीच नाही.

२ मार्च
कॅप्सूल लागू पडते आहे! पोर स्वतःहून हात पुढे करते, ती घेऊन पलंगाखाली जाते आणि तोंड उघडून दाखवते. मी टॉर्चने जीभ वर करायला लावून तपासतो. काही नाही. आत बसून शांतपणे स्वतःशी बोलते. किंचाळणं थांबलं. हे माझ्या पद्धतीचं यश आहे.
अजून दाराशी येत नाही. डोस कमी पडत असावा.

६ मार्च
उस्तादांना यश सांगितलं. म्हणाले, दार बघितलंस का? या माणसाशी यापुढे फक्त कामाचं बोलायचं.
कंपनीने पाट्या बदलल्या. 'लिफ्ट बंद आहे'ची जुनी पुठ्ठ्याची पाटी मी घरी आणली. मागची बाजू कोरी आहे. परीक्षेची सूत्रं लिहायची म्हणतो. भिंगरीला ती पाटी पाठ आहे, अक्षरांवर बोट ठेवून तिने मोठ्याने वाचली. मी म्हणालो, शाबास. ओमेगाने स्मरणशक्ती वाढते, हे सिद्ध.

१० मार्च
पाटी सापडत नाही. सूत्रं राहिली.

१५ मार्च
परीक्षा. पहिलाच प्रश्न: रिलेचं काम सांगा. रोज हाताळतो तो रिले, पण आठवली ती झिंकची रोजची गरज. तीच लिहिली. शुद्धलेखनाची चूक मात्र एकही नाही. आजूबाजूच्यांनी काय दिवे लावले ते मी पाहिलं आहे. पेपर बरा गेला. जेवढा लिहिला तेवढा बरा गेला.

१६ मार्च
कामाचा शर्ट घ्यायला सकाळी दारामागच्या खुंटीकडे गेलो. शर्टाच्या गळ्यात सुतळीने पाटी अडकवलेली. लिफ्ट बंद आहे. खाली बुटांचं खोकं, सुतळी ओवून केलेली लिफ्ट. तिच्यासमोर सोनेरी कॅप्सूल रांगेत उभ्या केलेल्या. सगळ्याच्या सगळ्या. एकही पोटात गेलेली नाही.
हिला हाक मारली. म्हणाली, मला काय विचारता, जिचं आहे तिला विचारा. विचारलं. भिंगरी पलंगाखालूनच म्हणाली, ती माणसं आहेत, वर जायला थांबलीत. मी म्हणालो, मग जात का नाहीत? म्हणाली, वाचता येत नाही का बाबा, लिफ्ट बंद आहे. कधी चालू होणार, विचारलं. म्हणाली, लिफ्टवाला काही सांगतच नाही.
हिने माझ्याकडे पाहिलं. मी कॅप्सूलकडे पाहिलं.
उस्तादांना फोन करणार होतो, पण ते काय विचारतील ते माहीत आहे.
पाटी काढली. शर्ट आणि बूट घालून बाहेर गेलो. दार ओढून घेतलं. खालच्या मजल्यावर उतरलो आणि बूट वाजवत वर आलो. काही नाही. पुन्हा उतरलो, पुन्हा आलो. शेजारच्या बाईंनी डोकावून विचारलं, काही हरवलंय का? मी म्हणालो, चाचणी चालू आहे.
मग आतून धावल्याचा आवाज आला. दार उघडलं. भिंगरीने उंबऱ्यावरूनच विचारलं, झाली का दुरुस्त? मी तिला उचललं. पहिला मजला. दुसरा मजला. तिसऱ्याला माझ्या कंबरेतून आवाज आला. तिला ऐकू गेला नाही. चौथ्यालाही नेलं.

१७ मार्च
रजा. पाठीखाली गरम पाण्याची पिशवी. पाटी माझ्या गळ्यात आहे, काढायची परवानगी नाही. भिंगरी शाळेतून थेट माझ्याकडे आली, शेजारी बसून दूध, केळं आणि बिस्किटं, तिन्ही खाल्ली. कुणाला चावली नाही. ही म्हणाली, आता तरी पटलं का? मी म्हणालो, एका दिवसावरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय आहे. बिस्किटं आत्ता कुठे सुरू झाली आहेत.
यावर दोघींनी काहीतरी ठरवलं. भिंगरी पालकाचा रस घेऊन आली. लिफ्ट लवकर बरी व्हायला हवी, म्हणाली. सगळा प्यायला लावला आणि टॉर्चने जिभेखाली तपासलं.
माझा मूळ सिद्धान्त मी सोडलेला नाही. खाण्याचा वागण्यावर परिणाम होतोच. रस प्यायल्यापासून मलाच कुणालातरी चावावंसं वाटतं आहे.