माझ्या वाटची गोळी

३ एप्रिल, गुरुवार

मी गोळ्या घेत नाही म्हणे! मी! जानेवारीपासून एक दिवस चुकवला नाही, आणि ही कालपरवा शिकून आलेली डॉक्टरीण मला तोंडावर विचारते, "मावशी, खरं सांगा हं, रोज घेता ना?" मी म्हटलं, मी काय शाळेतली पोर आहे का, औषध खिडकीतून फेकायला? तिने कागदच पुढे सरकवला. वाईट चरबी जानेवारीत एकशे ब्याण्णव, आज एकशे अठ्ठ्याऐंशी. म्हणे गोळी पोटात जात असती तर निम्म्यावर आली असती. मी म्हटलं, मग तुमची गोळीच खोटी असेल. हसली. वर म्हणते, "तळलेलं कमी करा." अगं बाई, कमी करून करून तोंडाची चव गेली माझी!

दार उघडं ठेवून बोलते ती. बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्या बायकांना कळलं की ही बाई खोटारडी आहे.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "विसरली असशील एखादे वेळी." हा बस चालवतो. आरशात बघायला कधी विसरत नाही. बायकोची बाजू घ्यायला मात्र बरोबर विसरतो.

४ एप्रिल

राग तसाच आहे.

६ एप्रिल, रविवार

बोललं की भांडण होतं, लिहिलं की होत नाही, म्हणून ही वही. मुलीची उरलेली. तिला परक्या गावी देऊन दोन वर्षं झाली, वही इथेच राहिली. चौथीपर्यंतच शिकले, पण स्वतःपुरतं येतं लिहिता.

आज सासूने डबे भरले. आमच्या घरात गोळ्यांचा कारभार तिच्याकडे. सात खणांचे दोन डबे आहेत, निळा माझा, लाल तिचा. तिला दुसरं काही नाही, एक ताकदीची गोळी रोज. जानेवारीत माझी सुरू झाली तेव्हा तीच म्हणाली, "दे माझ्याकडे. तू घाईची बाई, चुकशील. मी नुसती बसून असते गाठोड्यासारखी." तेव्हापासून दर रविवारी ती खिडकीत बसते, पाकिटातून एकेक गोळी अंगठ्याने दाबून काढते, खणात टाकते आणि झाकण लावून वर थोपटते. बाळाला थोपटावं तसं. एकोणऐंशी वय आहे. कुणी मध्ये बोललं तर हात वर करून गप्प करते.

डॉक्टरणीचं तिलाही सांगितलं. काही बोलली नाही. नाहीतर एरवी डॉक्टर लोकांच्या सात पिढ्या काढते. पाय दुखत असतील. महिना झाला, मांड्या धरून धरून चालते. मी म्हटलं वय झालं तुमचं. तर म्हणाली, "वय काय आज झालंय?"

८ एप्रिल, मंगळवार

आज लाँड्रीत तीनशे चादरी झाल्या. दोन हॉटेलांच्या एकदम आल्या. चादर घडी करायला दोघी लागतात, मी या टोकाला आणि लंबू त्या टोकाला. टोकं जुळवायची, पुढे चालत यायचं, तिच्या हातात द्यायची, मागे जायचं. दिवसभर हेच. लंबू म्हणाली, "आता कशी झपझप येतेस. फेब्रुवारीत तर माझ्यापर्यंत पोहोचेस्तोवर चादर म्हातारी व्हायची."

खरं आहे ते. गोळी सुरू झाली आणि पंधरा दिवसांत मांड्या अशा धरल्या की उभं राहताना भिंत लागायची. संध्याकाळी घरी आले की जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून घ्यायची, मांड्या दाबायची, मग वर. मार्चमध्ये आपोआप थांबलं. अंगवळणी पडलं असणार.

डॉक्टरणीला मी पायाचं अवाक्षर बोलले नाही. बोलणारही नाही. माझ्या मोठ्या बहिणीला हीच गोळी होती. तिचेही पाय दुखले, तिने दवाखान्यात सांगितलं. ते म्हणाले, "थोडे दिवस बंद करा, मग या, दुसरी बघू." ही बंद करायला विसरली नाही, परत जायला विसरली. मला म्हणाली, "बघ कशी पळतेय." आठ महिन्यांनी बस थांब्यावर बसल्या जागी गेली. हातात पिशवी तशीच. त्रेपन्न वर्षांची होती. मी एक्कावन्नची आहे.

म्हणून पायाचं सांगायचं नाही. सांगितलं की बंद करतात. पाय काय, फरफटत नेता येतात.

पण मग गोळी लागू का पडत नाही? मला तिच्याच वाटेने जायचंय की काय?

११ एप्रिल, शुक्रवार

सापडलं.

सकाळी घाईत कोपर लागलं आणि दोन्ही डबे खाली. गोळ्या गोळा करताना पाहिलं, काहींवर मधोमध रेघ आहे, काहींवर नाही. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही तेवढ्याच. माझ्या पाकिटातली काढून बघितली, तिच्यावर रेघ. आणि निळ्या डब्यात जे खण अजून बंद होते त्यात सगळ्या बिनरेघेच्या! रेघेच्या लाल डब्यात. दोन्ही घेऊन औषधाच्या दुकानात गेले. तो म्हणाला, "ही रेघेची चरबीची. ही ताकदीची. ताई, एवढ्या ताकदीचं करता काय?"

म्हणजे मी ताकदीची खातेय आणि ती माझी!

कामावरून आले ती तडक खिडकीशी. डबे तिच्यापुढे आपटले. म्हटलं, "आई, हे काय? माझी तुमच्या डब्यात, तुमची माझ्या. किती दिवस चाललंय हे? उद्या मी पटकन गेले असते म्हणजे?" ती डब्यांकडे बघत राहिली. मी म्हटलं, "बोला ना. तोंडात गुळणी धरलीय का?"

मग हळूच म्हणाली, "रंग कळत नाहीत गं आता. लाल काय, निळा काय, सारखंच दिसतं."

मी डबे उचलून बाजूला ठेवले.

केव्हापासून विचारलं तर म्हणाली, "झाला असेल महिना दीड महिना." सांगितलं का नाही? तर म्हणाली, "सांगितलं असतं तर तू हेही काम काढून घेतलं असतंस."

घेतलं असतं. खरं आहे.

१२ एप्रिल

डॉक्टरणीला फोन केला. खोटारडी कोण ते कळू दे म्हटलं. ती "अरे बापरे" म्हणाली, माफीही मागितली, तेवढं मानलं. मग म्हणाली, आजींची ती गोळी आजच बंद, त्यांचे पाय दुखत असतील तर त्याच गोळीने, आठ-दहा दिवसांत उतरेल, नाही उतरलं तर घेऊन या. माझी परत सुरू, दीड महिन्याने रक्त. "आणि मावशी, सुरुवातीला तुम्हाला काही त्रास झाला होता का? पाय वगैरे?"

"मला? छे."

१३ एप्रिल, रविवार

आज डबे मी भरले. पाच मिनिटांत झालं. ती खिडकीत बसली होती. हात मांडीवर, आणि अंगठा आपला हलतोय, गोळी दाबल्यासारखा. मी तिकडे बघितलंच नाही.

नवरा म्हणाला, "दिसत नसेल तर जिन्याची भीती. धाकट्या भावाकडे ठेवू, त्याचं घर तळमजल्यावर आहे." मी म्हटलं, धाकट्याच्या बायकोला स्वतःच्या आईचा फोन उचलायला वेळ नाही, ती हिला हात धरून न्हाणीत नेणार? तो म्हणाला, "तूच तर रोज भांडतेस तिच्याशी." म्हटलं, मी भांडते तो माझा प्रश्न. तिला सवय आहे माझी. नव्या माणसाशी भांडायचं वय आहे का तिचं?

तो हसायला लागला. मला हसण्यासारखं काही दिसलं नाही.

१६ एप्रिल, बुधवार

हिला दिसत नाही म्हटल्यावर घरातलं सगळंच दिसायला लागलंय मला. मोरी निसरडी. उंबरा उंच. चुलीजवळची कढई कडेला. आज स्टूल काढलं वाटेतून. हात धरून न्हाणीत नेते, ती आपली भिंत चाचपत येते. तिची नखं कापली, केस विंचरले. टाळू दिसायला लागलीय. पंचवीस वर्षं एका घरात आहे आणि तिचं डोकं मी पहिल्यांदा हातात धरलं.

ती म्हणाली, "एवढं करू नकोस गं. मला कसंतरी होतं."

म्हटलं, बसा गुपचूप. तुमची लाज सांभाळायला वेळ नाही मला.

१९ एप्रिल, शनिवार

आले परत. पाय. काल लंबू म्हणाली, "चादर जमिनीला टेकतेय बाई, ये की पुढे." मी म्हटलं, तूच लांब आहेस, तू ये.

आनंदच मानते. दुखतंय म्हणजे गोळी खरी आहे, पोटात जातेय.

म्हातारीचे मात्र साफ उतरले. खुर्चीतून अशी उठते की मला धास्ती वाटते, आपटेल कुठे. आज मी वर आले तर दारातच म्हणाली, "तोंड किती उतरलंय तुझं." मी म्हटलं, तुम्हाला काय दिसलं? म्हणाली, "पावलांवरून कळतं."

कळत असेल. एक गेलं की दुसरं तीक्ष्ण होतं म्हणतात.

२२ एप्रिल, मंगळवार

उद्याची डोळ्याच्या डॉक्टरची वेळ घेतली. ती आठ दिवस टाळतेय. कधी डोकं दुखतं, कधी पोट, आज म्हणाली डोळाच दुखतो, म्हणून डोळ्याच्या डॉक्टरकडे नको! म्हटलं, मोतीबिंदू असेल, पंधरा मिनिटांचं काम, लंबूच्या सासऱ्याने तर संध्याकाळी पेपर वाचला. तरी नाही. "राहू दे की गं जसं आहे तसं. तू आहेस ना हात धरायला."

आहे. पण मी किती दिवस आहे ते मला कुठे माहीत? हे तिला बोलले नाही. इथे लिहिते. माझ्या आधी तिचे डोळे धड झाले पाहिजेत. मागे कुणी तिचा हात असा धरणार नाही. नवरा धरेल, पण वळताना सोडून देईल.

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सुपरवायझरने तोंड वाकडं केलं, करू दे.

२३ एप्रिल, बुधवार

डोळे उत्तम! डॉक्टर म्हणाला, "या वयात असे डोळे मी बघितले नाहीत. उजव्यात जरासा मोतीबिंदू आहे, त्याला इतक्यात हात लावायला नको." मी म्हटलं, अहो पण रंग? त्याने रंगांचं पुस्तक पुढे धरलं. एक चुकला नाही.

बाहेर बाकावर तिला बसवलं. उभं राहवत नव्हतं म्हणून मीही बसले. म्हटलं, आई?

म्हणाली, "मीच बदलल्या. मुद्दाम. तू रोज चौथ्या पायरीवर बसायचीस, मला वरून दिसायचं. विचारलं की म्हणायचीस, काही नाही, कामाने होतं. म्हटलं, कामाने की गोळीने, बघू तरी. आठ दिवस मी घेतली तुझी. मग माझे धरले, तुझे सुटले. तू जिना न थांबता चढलीस त्या दिवशी. मग परत बदलायला हात होईना."

मला शिव्या द्यायच्या होत्या. एकही आठवेना. एवढंच म्हटलं, मी मेले असते.

"ते तू डबे आपटलेस तेव्हा कळलं मला. घाबरले, म्हणून डोळ्यांवर ढकललं. त्याचं काय बोलायचं ते बोल, मी ऐकते. पण किती दुखतं ते आता तुझ्याइतकंच मला माहीत आहे, आणि तू त्या पोरीला सांगतेस, छे. बहीण परत गेली नाही. तू जाशील, मी नेईन. दुसरी गोळी असते, तेच म्हणाले होते ना तिला? शुक्रवारपर्यंत थांबते. तू सांगतेस की मी जाऊन सांगू? शुक्रवारी संध्याकाळी मला उत्तर पाहिजे."