मिठाचा खडा आणि भट्टीचा काटा

आबा, भट्टीची आच मोजायला आता काट्याचं यंत्र आलं आहे, एवढंच तुम्हाला सांगायचं होतं. लोणावळ्याच्या आपल्या वीजघरात, वाफेच्या नळ्यांपाशी, चिनी मातीच्या आवरणात दोन धातूंच्या तारा घातल्या आहेत. आत जितकं तापेल तितका बाहेरच्या तबकडीवरचा काटा सरकतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ती तबकडी बसवताना मला सगळ्यात आधी तुमचा दंड आठवला; नळी फुटून भाजलेला, पांढरट पडलेला.

मला आगीचा रंग कधीच ओळखता आला नाही. भाजे गावाहून आपण बरोबर कामावर येत होतो, तेव्हाची गोष्ट. तुम्ही भट्टीच्या भोकाशी मला पुढे ढकलता, मी "केशरी" म्हणतो, आणि तुम्ही म्हणता, "डोळं हायत का भोकं? मीठ टाक आन् बघ." मग लांब दांड्याच्या पळीत खडेमीठ घालून आत धरायचं. ते वितळलं की कोळसा थांबवायचा, नाहीतर नळ्यांचं खरं नाही. बरणीतलं मीठ भाकरीला उरत नाही म्हणून आई ओरडायची. त्या भाजण्यानंतर तुम्ही आच नेहमी खूपच खाली ठेवलीत. कोळसा जळायचा आणि वाफ मात्र दुबळी निघायची. पुढे तीच भट्टी माझ्याकडे आली. भट्टीपुढे उभ्या माणसांचे जीव माझ्या कच्च्या नजरेवर आहेत, या विचारानं मला घास उतरत नसे.

म्हणून यंत्र आलं तेव्हा हायसं वाटलं. पण चाचणीच्या दिवशी साहेबांनी काटा थेट तबकडीवरच्या नव्या, तुमच्याहून जास्त आचेच्या खुणेपर्यंत न्यायला सांगितलं आणि मला राहवेना. मी तुमची पळी काढली. तुमच्याबरोबर कोळसा टाकणारे चाचा फावड्यावर रेलून हसले. "काय रं, भट्टीची दृष्ट काढतूस व्हय? मिरच्या-मोहरी कुटं हाय?"

"दृष्ट नाही चाचा, चाचणी आहे," मी म्हणालो आणि पळी आत धरली. मीठ किती अंशांना वितळतं ते यंत्र बसवणाऱ्या पुण्याच्या माणसाला विचारून ठेवलं होतं. काटा त्याच्या बराच खाली होता, आणि पळीत मिठाचं पाणी झालं होतं.

"चाचा, फावडं ठेवा!"

त्यांनी ठेवलं. या वेळी हसले नाहीत. पुण्याच्या माणसानं तारांची बाहेरची टोकं असलेल्या डबीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "अरेच्चा, डबीच तापलीय की! हे यंत्र दोन टोकांमधला फरक मोजतं. बाहेरचं टोक गार नसेल, तर काटा कमीच दाखवणार." डबी भट्टीच्या भिंतीवरून काढून खिडकीकडच्या गार भिंतीवर नेली. पुन्हा मीठ धरलं. ते वितळायला आणि काटा तिथे पोचायला एकच गाठ पडली. आता आच खुणेच्या अगदी जवळ ठेवता येते, तेवढ्याच कोळशात जास्त वीज निघते, आणि मी नीट जेवतो.

हे पत्र टपालात टाकण्यासारखं नाही. घडी करून तुमच्या पळीच्या खुंटीमागे खोचून ठेवतो. फक्त एक सांगायचं राहिलं. चाचांना मी जे म्हणालो ते अर्धंच खरं होतं. डबी हलवल्यावर, तो शेवटचा खडा पळीत घालण्याआधी, सगळे खिडकीकडे बघत असताना, मी तो भट्टीवरून तीनदा ओवाळून घेतला होता.