कुंपणापलीकडचे फडके

१४ ऑगस्ट

श्रीमन्मृगयामार्तंड, लुप्तलॅटिनाचार्य, भग्नविवाहभूषण ऑर्विल हॅन्सकम, म्हणजे अस्मादिक, यांनी आज वायोमिंगच्या या शुष्कतृणसागरात पदार्पण केले. स्वागतास कुरणाच्या मालकीणबाई लव्हॉन टीटर, त्यांचा बहिरा कुत्रा आणि प्रखर ऊन असे तिघे उपस्थित होते. पाणवठ्याकाठची, शिकाऱ्याने दडून बसायची खोप उत्तम आहे, धनुष्यही सज्ज आहे. लक्ष्य प्रॉन्गहॉर्न, इकडचा हरणासारखा शिंगाळ प्राणी. शास्त्रतः तो हरीण नव्हे, परंतु हे त्याला अद्याप कोणी कळवलेले नाही. उन्हाने तहानला की तो येतोच. न आल्यास पांढरे फडके हलवावे, निव्वळ कुतूहलापोटी चालत येतो, असे बाई म्हणाल्या. वर बजावले, "आणि मास्तर, तुम्हालाच कुणी फडकं हलवून बोलावलं, तर जागचं उठायचं नाही हं. आमचे ड्वाइट उठले होते." ड्वाइट म्हणजे बाईंचे यजमान. सध्या कोठे असतात, हे विचारणे मी सौजन्याने टाळले.

१५ ऑगस्ट

खोपीत भट्टीसदृश उष्मा. एक नर आला, यथेच्छ प्यायला आणि माझ्या शिंकेचे व्याकरण न रुचल्याने निघून गेला. मध्यान्ही कुंपणापलीकडे, मृगजळात, एक पांढरे फडके हलले. बाईंची थट्टा असावी. शिष्टाचार म्हणून मीही रुमाल हलवला. खरे सांगायचे तर, गेल्या वसंतापासून मला हात करणारे हे पहिलेच कोणी.

१६ ऑगस्ट

बाईंना सांगितले. हसल्या नाहीत. तुम्हीही हात केलात? वेडे की खुळे? गाडी काढा आणि आत्ताच्या आत्ता कॅस्परला आपल्या घरी चालते व्हा, म्हणाल्या. थांबलो. कॅस्परला माझी वाट केवळ फ्रीज पाहतो.

१७ ऑगस्ट

फडके जवळ आले आहे. धरणारा दिसत नाही. खाली नुसती थरथरती हवा. पाण्यावरच्या कळपाने ते पाहिले मात्र, पार्श्वभागीचे शुभ्र केस फुलवून सारे उधळले. जगातील सर्वांत कुतूहली प्राणी, आणि पळाला. उरलो मी. उठायचे नाही. उठलो नाही.

१८ ऑगस्ट

बाई लांबून हाका मारत होत्या. ऐकू आल्या. पण त्या हात करत नव्हत्या—

फडके थांबले की कासावीस होते. हलले की—

कुंपण. कसा आलो, ठाऊक नाही. माणसे तार ओलांडतात. मी खालून रांगलो, प्रॉन्गहॉर्न उडी न मारता रांगतो तसा. फडके अगदी समोर. किती मायेने हलते—

सदरा तारेच्या काट्यात अडकलाय. नवा कोरा, पांढराशुभ्र. पाठीवर मोठा फाटला, आता याला टाका कोण घाल—