जातो म्हणू नये

॥ श्री ॥

कार्तिक वद्य द्वितीया

ज्याच्या सत्तेने वारा वाहतो आणि प्राणिमात्राच्या नाकपुड्यांतून अहोरात्र येरझार घालतो, त्या प्राणदात्याला वंदन करून ही रोजनिशी आरंभतो. त्याची कृपा असेल तितकेच लिहून होईल.

आज सकाळी चौक गावाहून टेंपोने येथे पोहोचलो. वाईच्या पाठशाळेतून निवृत्त झाल्यापासून दिवस रिकामे जात होते. या धर्मादाय रुग्णालयाच्या विश्वस्तांचे आमंत्रण आले, ती देवाचीच हाक वाटली. काम सुखाचे आहे. घरी निघालेल्या रुग्णाला फाटकात उभे करून आशीर्वाद म्हणायचा आणि हातावर प्रसाद ठेवायचा.

खोली ऐसपैस आहे. खिडकीतून इर्शाळगडाचे नेढे, कड्यातले ते आरपार भोक, दिसते. खाली भाताच्या कापणीनंतर पेरलेला वाल नुकता वर आला आहे. हमिदा नावाची परिचारिका चहा घेऊन आली. कोकणी मुसलमान घरातली, वागणे मऊ, जीभ तिखट. म्हणाली, “साखर कमी वाटेल गुरुजी. इथं सगळंच कमी घालायची पद्धत आहे.” मी मनमुराद हसलो.

रुग्ण बहुतेक डोंगराआडच्या दगडभुकटीच्या कारखान्यातले कामगार. कारखाना आणि रुग्णालय एकाच मालकांचे. ज्यांनी घाम घेतला त्यांनीच औषध द्यावे, याहून मोठा धर्म कोणता?

कार्तिक वद्य पंचमी

आज पहिला निरोप दिला. गजा नावाचा कामगार. देह काडीसारखा, थट्टा मात्र शाबूत. आशीर्वाद संपताच तो म्हणाला, “बरं गुर्जी, जातो.” मी त्याला तेथेच थांबवले. निघणाऱ्याने ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे. आपल्याकडे लेकरूसुद्धा हे जाणते.

“येऊन काय करू? जेवान अळनी हाय तुमचं,” असे म्हणून त्याने सगळ्यांना हसवले. शेजारच्या खाटेवरचा नामा ओरडला, “म्हण रं गजा, गुर्जींचा मान ठेव!” तेव्हा गजा हात जोडून म्हणाला, “येतो.”

शब्द पाळणारा माणूस दिसला.

कार्तिक वद्य अष्टमी

आज संतापाने लिहितो आहे.

गजा त्याच दिवशी वारला. घरी पोहोचलाच नाही. चौकच्या अलीकडे टेंपोतच संपला. हमिदाने मला हे सांगितले आणि पुढचेही सांगितले. विश्वस्तांचा निर्णय आहे की ज्या कामगाराची छाती सुधारणार नाही त्याला शेवट जवळ आला की सुट्टी द्यावी. येथे मेला तर मृत्यूचे कारण नोंदवावे लागते, आणि ते कारण थेट कारखान्याच्या दारात जाऊन उभे राहते. घरी मेला की दमा म्हणायचे. संपले.

मी आशीर्वाद म्हणत असतो, तेव्हाच मागून ऑक्सिजनची नळी काढून घेतात. माणूस माझ्या शब्दांकडे पाहतो, नाकाकडे त्याचे लक्ष राहत नाही. यासाठी मला आणले आहे! माझ्या तोंडातली देववाणी यांनी गळा दाबणाऱ्या हातावर रेशमी रुमालासारखी पांघरली.

व्यवस्थापक ऋषिकेश यांना गाठले. तरुण, सुस्वभावी, नम्र. ते म्हणाले, “गुरुजी, पेशंटला घरच्यांत बरं वाटतं. आणि आपल्याकडे मृत्यूचं प्रमाण शून्य आहे, हे आपलंही पुण्यच की!” मी विचारले, हा निर्णय कोणाचा? ते म्हणाले, कोणा एकाचा नव्हे, बैठकीचा. पापाला बसायला त्यांनी किती सोयीची जागा शोधली आहे! बैठकीला ना जानवे, ना आई, ना नरक.

कार्तिक वद्य दशमी

दुपारी, भेटीच्या वेळी, लखलखीत उन्हात, गजा फाटकातून आत आला.

मी ओसरीवर होतो. काखेत निरोपाच्या दिवशीचेच गाठोडे, चेहरा पिठात बुडवल्यासारखा पांढरा. पहारेकऱ्याने मान वर केली नाही. गजा माझ्यासमोर थांबला, म्हणाला, “आलो, गुर्जी,” आणि आपल्या जुन्या खाटेकडे चालू लागला. मागे फरशीवर पांढरी पावले उमटत गेली. हमिदाने ती पाहिली. पदराने पुसली. पुसूनही ती राहिली.

कार्तिक वद्य द्वादशी

नामाला आता खिडकीजवळची गजाची खाट दिली आहे. त्याची बायको सुंदरा उशाशी बसून असते. सकाळी नामा मला कुजबुजत म्हणाला, “गुर्जी, या खाटेवर आमी दोघं हाव.”

गजा नळी मागतो. नामा ती थोडा वेळ स्वतःच्या नाकातून काढून उशीवर ठेवतो. भीती वाटत नाही का, असे मी विचारले. तो म्हणाला, “त्याला काय भ्यायचं? कारखान्यात एका चाळणीवर काम केलंय आमी. तो मागतो, मी देतो.”

सुंदरा मात्र माझ्यावर कडाडली. “तुमीच शिकवलंत ना त्याला येतो म्हनायला? मंग तुमीच घालवा! माजा धनी कुनाकुनाला पुरंल?”

तिचे बरोबर आहे. उशीवर ठेवलेल्या त्या नळीच्या तोंडाशी उशीतला कापूस, कोणी श्वास घ्यावा तसा, ओढला जाताना मी डोळ्यांनी पाहिला. नामाचे ओठ निळे पडले आहेत.

कार्तिक वद्य चतुर्दशी

गजाच्या दुसऱ्याच दिवशी, मला खरे कळण्याआधी, निरोप दिलेली चंद्राबाई आली. तिलाही मीच ‘येते’ म्हणायला लावले होते. तिच्यामागून आणखी आले, ज्यांना मी निरोप दिला ते सगळे. कोणी ओरडत नाही, कोणी शाप देत नाही. ते फक्त आपापल्या खाटेच्या कडेला बसतात आणि खाटेवरच्या जिवंत माणसाकडे नळी मागतात.

मी संध्येचे पाणी हातात घेऊन म्हटले, मी तुम्हाला शब्दातून मोकळे करतो, जा. चंद्राबाई म्हणाली, “जा म्हनू नये, गुर्जी.”

फरशी पांढरी झाली आहे. ऋषिकेश म्हणतात, छताचा गिलावा झडतो आहे, रंगारी बोलावू. बोलताना खोकतात.

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा

उद्या विश्वस्त येणार. त्यांना वॉर्ड प्रसन्न दिसला पाहिजे, म्हणून आज नामाला सुट्टी.

मी आशीर्वाद म्हणण्यास नकार दिला. मला वाटले, मंत्राविना निरोप अडेल. ऋषिकेश म्हणाले, हरकत नाही, ध्वनिफीत लावू. मी त्या सज्जन माणसाची गचांडी धरली. या वयात, या हातांनी! मी ओरडलो की ज्याच्या फुफ्फुसात तुमचा डोंगर भरला आहे त्याला एक वाटी वारा देताना तुमचा हात का अडतो? पहारेकऱ्यांनी मला सोडवले. सुंदरा खाटेला मिठी मारून बसली. तिला हलवता येईना. हमिदाने डॉक्टरांना सांगितले, मला नोकरीवरून काढा, पण नळीला हात लावू नका. शेवटी निर्णय एका दिवसाने पुढे ढकलला. पाहुणे गेल्यावर.

मग मी वॉर्डात गेलो. देवापुढच्या अक्षता घेतल्या आणि त्या सगळ्या पांढऱ्या माणसांना एकेक करून दिल्या. लग्नाला, मुंजीला बोलावतात तसे रीतसर बोलावले. सांगितले की तुम्ही चुकीच्या दारी आलात. नामाकडे वारा कुठला? उद्या वरच्या मजल्यावर, सभागृहात या. निर्णय तेथे होतात.

गजाने अक्षता कपाळाला लावल्या.

मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया, सकाळ

खाटा मोकळ्या. नामा पुरता श्वास घेतो आहे. ओठांना रंग आला. सुंदरेने त्याला पेज भरवली. नामा म्हणाला, “आज अळनी नाय.” ती रडली.

गाड्या आल्या. हार, हसू. ते वर गेले.

दुपार

वर खोकला. एक, मग अनेक. भर उन्हात सभागृहाच्या काचा आतून पांढऱ्या— हमिदा पाहून आली. प्रत्येक खुर्चीत दोघे बसले आहेत म्हणते. मालकांचे डोळे बाहेर आले आहेत. ते हाताने नाक दाखवतात—

मला आनंद झाला. देवा, तुझ्यापाशी खोटे लिहीत नाही. झाला.

थोड्या वेळाने

हे मला का सुचले नाही? वर गुदमरू लागले की वारा कुठून नेणार?

खालून. हुकूम सुटला आहे. वॉर्डातले सगळे सिलिंडर वर— सगळ्या नळ्या— पहिली नामाची—

दुपार कलली

दाराला खाटा लावल्या आहेत. मी, हमिदा, सुंदरा. ज्यांना उठता आले ते रुग्णही. सिलिंडर आमच्या पाठीशी. बाहेरून ऋषिकेश— अजूनही नम्र— म्हणतात, गुरुजी, समजून घ्या, वर महत्त्वाची माणसे आहेत.

सुंदरा आतून ओरडली, “हितं काय ढेकळं हायेत रं?”

माझ्याही छातीत भुकटी. कफ पांढरा. नामा हातातली नळी माझ्याकडे करतो. मी नाही म्हटले. तो पुन्हा करतो—

दाराची वरची कडी निघाली. फट पडली. धक्के. नामाचा श्वास चालू आहे. मी मोजत नाही, ऐकतो. चालू आहे.

हातात बळ आहे तोवर लिहितो. जो कोणी हे वाचील, तो कोणत्याही जातीचा, कोणत्याही देवाचा असो, त्याचे कल्याण होवो. त्याची छाती स्वच्छ राहो. त्याच्या वाट्याचा वारा कोणत्याही बैठकीच्या हाती न जावो. त्याच्या नाकातून नळी काढायला येणाऱ्याचा हात गळून पडो. तुम्हा सर्वांना, तुमच्या लेकरांना, पोटभर, शेवटपर्यंत, कोणाकडेही न मागता श्वा—